कर्करोगाची गोळी आणि सकाळची ‘गॅसची गोळी’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्करोगावरील औषधांच्या किमतींविषयी आपल्या दैनिकातून वेळोवेळी लिहिले जाते आणि ते लिहिले जायलाच हवे. मार्च २०१२ मध्ये सोराफेनिब या गोळीसाठी देशातला पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्या कंपनीला ते औषध बनवू देणारा परवाना, दिला गेला. तो आदेश मुंबईच्याच पेटंट कार्यालयातून निघाला होता आणि महिन्याला सुमारे दोन लाख ऐंशी हजार रुपयांना पडणारे औषध ८,८८० रुपयांत द्यावे, अशी अट त्यात होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबवरील पेटंटचा दावा फेटाळला, फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगाच्या ४२ औषधांवरील विक्रीनफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ऑसिमर्टिनिबवरील सीमाशुल्क माफ झाले. एकेकाळी मूठभरांनाच परवडणाऱ्या या गोळ्या आज लालबागच्या चाळीत, विरारच्या वन-रूम-किचनमध्ये आणि कोकणातल्या गावीही पोहोचल्या आहेत. पोहोचल्यावर तिथे त्या कशा घेतल्या जातात, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

मी महापालिकेच्या एका रुग्णालयात ३२ वर्षे औषधाच्या खिडकीमागे काढली. हजारो लोकांना ‘ही सकाळी, ही रात्री, ही जेवणानंतर’ असे सांगितले. तरीही हे पत्र लिहायला त्या नोकरीपेक्षा घरातली एक चूक कारणीभूत झाली आणि ती चूक सर्वस्वी माझी आहे.

माझ्या पत्नीला फुफ्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. तिने जन्मात कधी तंबाखूला हात लावलेला नाही. परंतु धूम्रपान न करणाऱ्या आशियाई स्त्रियांमध्ये या आजाराचा जो प्रकार अधिक आढळतो, त्यात ईजीएफआर नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बदल झालेला असतो आणि तिच्या तपासणीत नेमका तोच निघाला. पेशीला वाढण्याचा निरोप देणारे हे प्रथिन एकदा बिघडले की निरोप देतच राहते. त्याला गप्प करणारी गोळी म्हणजे टार्गेटेड औषध. यातल्या बहुतेक औषधांच्या नावाच्या शेवटी ‘निब’ येते, त्यामुळे आमच्या घरात तिचे नाव ‘निबची गोळी’ असेच पडले आहे. डॉक्टरांनी एर्लोटिनिब १५० मिलिग्रॅम, रोज एक, असे लिहून दिले आणि उपाशीपोटी, म्हणजे खाण्याआधी किमान एक तास किंवा खाल्ल्यानंतर दोन तासांनी घ्यायला सांगितले.

घरी येताच मी वेळापत्रक लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवले. गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्यापासून तिला रोज सकाळी उठल्या उठल्या पँटोप्राझोल, म्हणजे आपली घराघरातली ‘गॅसची गोळी’, घ्यायची सवय होती. ती सहा वाजता, निबची गोळी सात वाजता आणि चहा-पोळी सव्वाआठला, असे मी सुवाच्य अक्षरात लिहिले. कागद अगदी नीटनेटका होता. दोन महिने आम्ही तो तंतोतंत पाळला. या औषधाने तोंडावर पुरळ उठते असे आम्हाला सांगितलेले होते, ते उठले नाही, म्हणून आम्ही दोघेही खुशीत होतो.

पुढच्या तपासणीला एका तरुण निवासी डॉक्टरबाईंनी फाईल चाळली. ‘आणखी काही औषधे चालू आहेत का?’ हा नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो विचारला असता तर पत्नीने ‘नाही’ म्हटले असते, कारण गॅसच्या गोळीला आपल्याकडे औषध समजतच नाहीत. त्यांनी विचारले, ‘‘काकू, सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी पोटात काय जातं?’’ पत्नीने सरळ सांगितले. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. माझा पेशा त्यांना ठाऊक होता.

एर्लोटिनिब विरघळायला जठरातले आम्ल लागते. ते आम्लच गोळी देऊन कमी केले, तर औषधाचा बराचसा भाग रक्तात न जाता तसाच पुढे सरकतो. ओमेप्राझोलबरोबर घेतल्यास एर्लोटिनिबचे रक्तातील एकूण प्रमाण ४६ टक्क्यांनी घटते, अशी नोंद आहे आणि पँटोप्राझोल त्याच कुळातले. दोन गोळ्यांमध्ये तासाचे अंतर ठेवून काही साधत नाही, कारण या कुळातल्या गोळीचा परिणाम दिवसभराहून अधिक टिकतो. गेफिटिनिब, डॅसाटिनिब, निलोटिनिब आणि पॅझोपॅनिब यांच्याबाबतही कमीअधिक प्रमाणात हाच धोका आहे. इमॅटिनिब आणि ऑसिमर्टिनिब यांना त्याने फरक पडत नाही. म्हणून ‘अमक्यांना चालते, मग आपल्यालाही चालेल’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. आमच्याकडे पँटोप्राझोल बंद झाले. जळजळ झालीच तर पातळ अँटासिड घ्यायचे, तेही निबच्या गोळीपासून काही तासांच्या अंतराने, असे ठरले. दहा-बारा दिवसांत पत्नीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि हनुवटीवर पुरळ उठले. औषध रक्तात पोहोचू लागल्याची ती खूण असावी. त्या दोन महिन्यांत नेमके किती नुकसान झाले, हे कोणालाच सांगता येणार नाही आणि मीही तसा दावा करत नाही. पण निम्मे औषध पोटातच अडवून आम्ही त्याची पूर्ण किंमत मोजत होतो, ही गोष्ट काही खोटी नाही.

जुनी केमोथेरपी आठवून पाहावी. डे-केअरच्या खाटेवर सलाईन लावण्याआधी वजन होते, रक्ताचा अहवाल पाहिला जातो, बाटलीवरचे नाव आणि रुग्णाचे नाव दोघी परिचारिका ताडून पाहतात. टार्गेटेड गोळीच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. केस गळत नाहीत, खाट लागत नाही, रुग्ण स्वतःच्या पायांनी लोकल पकडून घरी जातो, त्यामुळे ती रक्तदाबाच्या गोळीइतकीच साधी वाटू लागते. प्रत्यक्षात तिच्या मात्रेतली मोकळीक फार थोडी असते. कमी पडली तर आजार डोके वर काढतो आणि जास्त झाली तर यकृत, हृदय किंवा फुफ्फुस त्रासात येते.

मात्रा जास्त होण्याचा प्रसंग आपल्या शहरात दर पावसाळ्यात येतो. दमट हवा, ओले कपडे, घट्ट इलॅस्टिक, आणि जांघेत नायटा. मग त्वचारोगतज्ज्ञ किंवा गल्लीतले डॉक्टर इट्राकोनॅझोल लिहून देतात, अनेकदा महिना-दीड महिन्यासाठी. निबवर्गातल्या कित्येक औषधांचे विघटन यकृतातील ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) होते, त्याला हे बुरशीनाशक रोखून धरते आणि कर्करोगाचे औषध रक्तात साचत जाते. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचेही तसेच आहे. याच्या नेमके उलट क्षयरोगावरील रिफाम्पिसिन वागते. ते विघटन इतके वाढवते की एर्लोटिनिब किंवा इमॅटिनिब आवश्यक पातळी गाठूच शकत नाही. मुंबईत क्षयाचे प्रमाण किती आहे हे आपण जाणतोच, आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाला आधी क्षय समजून उपचार सुरू झाल्याची उदाहरणे प्रत्येक ऑन्कॉलॉजी विभागात सापडतील. फिट्ससाठी दिली जाणारी फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन हीही याच बाजूची. तेव्हा नायट्याचे डॉक्टर, क्षयाचे डॉक्टर, दाताचे डॉक्टर, कोणाकडेही जाताना निबच्या गोळीची पट्टी पिशवीत हवी आणि ती आधी त्यांच्या टेबलावर ठेवायला हवी. नाव सांगण्यावर विसंबू नये. सारखी वाटणारी इतकी नावे आहेत की मीसुद्धा चुकतो.

फळांमध्ये ग्रेपफ्रूट टाळा असे माहितीपत्रकात छापलेले असते आणि ग्रेपफ्रूट आपल्याकडे खातो कोण, म्हणून ती ओळ सगळे सोडून देतात. पण ग्रेपफ्रूट ही पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून आलेली जात आहे आणि औषधाला अडथळा आणणारी द्रव्ये पपनसातही असतात. गणपतीच्या दिवसांत दादरच्या बाजारात त्यांचे ढीग लागतात आणि आम्हा कोकणातल्या माणसांच्या घरी तर ती झाडावरूनच येतात. एर्लोटिनिब, निलोटिनिब, इब्रुटिनिब यांसारखी औषधे चालू असताना प्रसादाची फोडसुद्धा डॉक्टरांना विचारूनच खावी. मराठी पत्रकात ग्रेपफ्रूटच्या शेजारी ‘पपनस’ एवढा एक शब्द छापायला काय हरकत आहे?

गुळवेलीविषयी लिहिले की टीकेची पत्रे येतात, याची मला कल्पना आहे. कोविडच्या काळात घरोघरी काढे उकळत असताना, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला सूज आल्याचे २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांनी सोडवावा. माझे म्हणणे त्याहून साधे आहे. पॅझोपॅनिब, लॅपॅटिनिब यांसारखी औषधे स्वतःच यकृताला इजा करू शकतात, म्हणून दर काही आठवड्यांनी लिव्हरची तपासणी होत असते. अशा वेळी सोबत काढा चालू असेल आणि तो डॉक्टरांपासून लपवलेला असेल, तर अहवाल बिघडल्यावर दोष कोणाचा हे कळायला मार्ग उरत नाही आणि पहिले बंद होते ते कर्करोगाचे औषध.

खाण्याच्या वेळेचा घोळ तर बाकांवर बसल्या बसल्या होतो. परळच्या एका पदपथावरच्या बाकावर, तपासणीची वाट पाहत असताना, शेजारच्या गृहस्थांनी पत्नीला आपुलकीने सांगितले, ‘‘ताई, उपाशीपोटी नका घेऊ, मळमळतं. मी भरपेट जेवून घेतो, वर मोठा ग्लास पाणी.’’ त्यांचे बरोबरच होते, कारण त्यांना रक्ताच्या कर्करोगासाठी इमॅटिनिब चालू होते आणि ते जेवणासोबत, भरपूर पाण्याबरोबरच घ्यायचे असते. पण तोच सल्ला एर्लोटिनिबला लावला तर अन्नामुळे औषध एकदम जास्त शोषले जाते. निलोटिनिबच्या बाबतीत तर आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचे नसते, कारण रक्तातली पातळी वाढली की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असतो. आणि इमॅटिनिब घेणाऱ्या माउलीने श्रावणी सोमवार निर्जळी धरला, तर रिकाम्या पोटी घेतलेली गोळी उलटीवाटे बाहेर पडू शकते. अशी उलटी झाली तर लगेच दुसरी गोळी घेऊ नये, ठरलेल्या वेळी पुढचीच घ्यावी, हा सर्वसाधारण नियम आहे. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेणे तर कधीच नको.

पैशांच्या ओढाताणीत काही घरांत गोळी एक दिवसाआड दिली जाते. मी खिडकीवर बसत असताना हे किती तरी वेळा कळले, तेही सहज बोलता बोलता: महिन्याची पट्टी घेऊन गेलेला माणूस पन्नासाव्या दिवशी उगवायचा. गावी गेलेल्यांचे गोळ्यांविना राहणे त्याहून सर्रास घडते. गणपतीला दहा दिवसांचे म्हणून गेलेले पंधरा दिवस राहतात आणि तालुक्याच्या गावी ती पट्टी मिळत नाही. लंडनमध्ये इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा वर्षांनी ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या नियमाने घेणाऱ्यांपैकी ९४.५ टक्के रुग्णांमध्ये आजार अपेक्षेइतका खाली गेला होता आणि त्याहून कमी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २८.४ टक्के होते. ९० टक्के म्हणजे महिन्याला जेमतेम तीन गोळ्यांची चूक. परवडत नसेल तर ते डॉक्टरांना आणि समाजसेवा विभागाला तोंड उघडून सांगावे. स्वस्त पर्याय, योजना, धर्मादाय निधी असे काही ना काही निघते. परस्पर ताणलेल्या गोळ्यांचा मात्र कोणालाच पत्ता लागत नाही.

पुरळ उठल्यावर आमच्या शेजारीणबाईंनी तारुण्यपीटिकांवरचे मलम आणून दिले. त्यात त्वचा कोरडी करणारे द्रव्य असते आणि या पुरळाला नेमका ओलावा हवा असतो, त्यामुळे ते बाजूला ठेवून साधे मॉइश्चरायझर, उन्हात छत्री आणि डॉक्टरांनी दिलेले मलम यांवर आम्ही निभावले. पुढे पायाच्या अंगठ्याला नखुरडे झाले, जुलाब झाले, त्यावरही उपाय निघाले. अशा त्रासांत औषध आपणहून बंद करू नये. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा चार दिवस थांबवून पुन्हा सुरू करतात. पण कोरडा खोकला नव्याने लागला, चार पायऱ्या चढून धाप लागू लागली, डोळे किंवा लघवी पिवळी झाली, छातीत धडधड झाली, १००.४ अंशांवर ताप गेला, तर पुढच्या तारखेची वाट पाहणे योग्य नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. धाप लागणे हे फुफ्फुसाला औषधामुळे येणाऱ्या सुजेचे लक्षण असू शकते आणि तिथे एकेक दिवस महत्त्वाचा असतो. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या केंद्र सरकारच्या विनामूल्य क्रमांकावर रुग्ण स्वतःही करू शकतो, हे किती जणांना माहीत असते?

घरातल्या इतरांविषयी थोडक्यात लिहितो. ही गोळी खलबत्त्यात कुटू नये, सुरीने अर्धी करू नये. गिळता येत नसेल तर काही गोळ्या पाण्यात मिसळून देण्याची पद्धत ठरलेली असते, ती डॉक्टरांकडून समजून घ्यावी. दुसऱ्याने गोळी काढून द्यायची तर हातमोजे घालावेत, निदान पट्टीतून थेट वाटीत पाडावी आणि हात धुवावेत. घरात गरोदर सून-मुलगी असेल तर तिने तुटलेल्या गोळीला हातच लावू नये. गॅसच्या शेगडीवरची फळी, न्हाणीघरातले कपाट आणि टीव्हीचे डोके या जागा मुंबईच्या उकाड्यात आणि दमटपणात औषधाला चांगल्या नाहीत. नातवंडांचा हात पोहोचणार नाही अशा कोरड्या कपाटात, मूळ पट्टीतच गोळ्या ठेवाव्यात.

नोकरीतली शेवटची काही वर्षे चालू असताना एक तरुण खिडकीवर आला होता. त्याचे वडील आठवड्यापूर्वी गेले होते. रुमालात बांधून त्याने गोळ्यांच्या साडेतीन पट्ट्या आणल्या होत्या. ‘‘कोणा गरिबाला द्या, बाबांची तेवढीच आठवण,’’ म्हणाला. मला त्या घेता आल्या नाहीत. त्या कशा ठेवल्या होत्या हे कोणालाच माहीत नव्हते आणि एका पट्टीची तर मुदतही संपत आली होती. त्याला घरच्या कचऱ्यातही टाकू नकोस म्हणालो आणि मग कुठे टाकायच्या हे मलाही नीट सांगता आले नाही. तो पट्ट्या घेऊन तसाच परत गेला.

पीसीआयच्या, म्हणजे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या, २०१५ च्या औषधव्यवसाय विनियमांत रुग्णाला समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. आम्ही फार्मासिस्ट ते किती पाळतो, हे मी माझ्याच फ्रिजच्या दारावर पाहिले. माझी विनंती अशी की, शहरातील सरकारी, महापालिका आणि खासगी रुग्णालयांनी टार्गेटेड गोळीची पहिली पट्टी देताना तिच्यासोबत मोठ्या अक्षरातला एक मराठी कागद द्यावा. त्यावर त्याच औषधाची वेळ, पोटाची स्थिती, कोणती औषधे आणि पदार्थ चालत नाहीत, कोणत्या लक्षणांवर त्याच दिवशी यायचे आणि रात्री फोन कुठे लावायचा, एवढे असावे. सगळ्या निबांना मिळून एकच पत्रक छापू नये, नाहीतर बाकावरच्या गृहस्थांचा सल्लाच छापील होऊन घरोघरी जाईल. उरलेल्या गोळ्या परत घेण्यासाठी औषधाच्या खिडकीशेजारी एक कुलूपबंद पेटी असावी. आणि केमिस्ट मंडळींनी गॅसची गोळी मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला एवढेच विचारावे की घरात कोणाला कर्करोगाची गोळी चालू आहे का.

एखाद्या रुग्णालयाने असा कागद करायचे मनावर घेतले, तर मराठी मजकूर तपासून द्यायला मी विनामोबदला तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात नोंदवला आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त औषधनिर्माता
भांडुप, मुंबई